स्वस्त पिस्तूल कुणाला महाग पडतं?

प्रश्न सरळ आहे, सरळच मांडतो. कमी पैशातलं पिस्तूल रोज कमरेला लावून फिरण्यासाठी घ्यावं का?

हा प्रश्न अमेरिकेतला. तिथं माणूस दुकानात जातो, ओळखपत्र दाखवतो, फॉर्म भरतो, पोलिसी नोंद तपासली जाते आणि तो पिस्तूल घेऊन घरी येतो. आपल्याकडं मिक्सर आणावा तसं. दोनशे डॉलरचं घ्यावं की सहाशेचं, एवढाच काय तो घोळ. तिथल्या काळ्या वस्त्यांत हा घोळ गुलामी सुटल्यापासून चालू आहे. आता आपल्या पोरांच्या तोंडीही तो यायला लागलाय. मीटिंग उठली की टपरीवर कुणीतरी मोबाईल पुढं करतो. काळी टोपी, काळं जाकीट, हातात बंदूक. "बघा, यांनी उचललं म्हणून यांना जग वचकलं. आपण नुसती निवेदनं देतो." म्हणून लिहितोय.

नाव आपण त्यांच्याकडूनच घेतलं. १९६६ साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नातं त्याहून जुनं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी युनोकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. तेव्हा हे परक्यांचं भांडण नाही. पण नाव घेतलं तर त्या नावाखालचा हिशोबही वाचायला लागतो. टोपी आणि बंदूक तेवढी उचलायची आणि हिशोब तिकडंच ठेवायचा, हे चालायचं नाही.

आधी दोन टोळ्यांशी भांडून घेतो.

पहिली टोळी अहिंसेच्या कीर्तनकारांची. गावात आपल्या पोराला ठेचून मारलं की यांची दातखिळी बसते. आपल्यातला एखादा नुसता मूठ वळतो म्हटलं की यांना कंठ फुटतो. यांच्या देवांच्या हातात गदा, चक्र, परशू. दसऱ्याला यांच्या घरी शस्त्राला हळदकुंकू. आणि शांतीचं प्रवचन कुणाला? ज्याच्या हातात शतकानुशतकं खराटा आणि मेलेल्या ढोराचा दोर दिला त्याला. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलन'मध्ये यांचं बिंग फोडलंय. खालच्या माणसानं या देशात बंड का केलं नाही, याचं उत्तर त्यांनी त्याच्या स्वभावात शोधलं नाही. चातुर्वर्ण्यानं त्याला शस्त्रही नाकारलं आणि विद्याही नाकारली, हे त्यांनी दाखवलं. इंग्रजांनीसुद्धा १८९२ साली महारांची पलटणीतली भरती बंद केली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. तेव्हा दलितानं हत्याराचा विचारसुद्धा करू नये, असं सांगणाऱ्याचं मी ऐकून घेणार नाही. विचार करायचाच. नीट करायचा.

दुसरी टोळी आपल्यातलीच. पोस्टरवाली. यांना बंदूक फोटोपुरती ठाऊक. नळी कुठली आणि घोडा कुठला ते विचारलं तर गप्प. यांच्यासाठी पुढची पानं.

स्वस्त म्हणजे कुणाचं?

अमेरिकेत १८६५ साली गुलामी सुटली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यानं कायदा केला. सुटलेल्या काळ्या माणसानं परवाना काढल्याशिवाय बंदूक, दारूगोळा, मोठा सुरा जवळ ठेवायचा नाही. ठेवला तर दंड. हत्यार जप्त, आणि ते जप्त हत्यार चुगली करणाऱ्याला बक्षीस. हे कलम ध्यानात ठेवा. चुगलखोर पुढं पुन्हा येणार आहे.

मग घटनादुरुस्ती झाली. १८६८ साली कायद्यापुढं सगळे सारखे ठरले. आता 'काळ्यांनी' असं कायद्यात लिहिता येईना. तेव्हा गोऱ्या जमीनदारांच्या डोक्यानं दुसरी वाट काढली. टेनेसी राज्यानं १८७९ साली आणि आर्कान्सानं १८८१ साली कायदे केले. खिशातली, कमरपट्ट्यातली पिस्तुलं विकायला बंदी. सूट फक्त एका जातीच्या पिस्तुलाला, सैन्यात आणि आरमारात वापरतात त्या मोठ्या पिस्तुलाला. ते महाग. गोऱ्या माजी शिपायाच्या घरात ते लढाईपासूनच खुंटीला टांगलेलं. वाट्यानं शेती करणाऱ्या काळ्या माणसाला परवडायचं ते छोटं, हलकं, स्वस्त. तेवढं बेकायदा झालं. कायद्यात कुठंही जात नाही, रंग नाही. फक्त किंमत आहे. आपल्याला हे नवं नाही. आपल्याकडंही विहिरीवर पाटी कधी लावली नव्हती. पाटी न लावताच सगळ्यांना कळत होतं.

परवान्याची गंमतही बघा. १९५६ साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला. बायको आणि तान्ही पोरगी आत होती. किंग यांनी हत्याराच्या परवान्याचा अर्ज केला. नाकारला. ज्याच्या घरावर बाँब पडला त्याला हत्याराची गरज नाही, असं सरकारी कागद म्हणाला. अहिंसेचा फोटो म्हणून ज्यांना भिंतीवर लावतात त्यांचीही ही कथा.

१९६८ साली किंग यांचा खून झाला, दोन महिन्यांनी रॉबर्ट केनेडींचा. केनेडींना मारलं ते पॉइंट बावीसच्या छोट्या रिव्हॉल्व्हरनं. त्या वर्षीच्या कायद्यानं परदेशातून येणारी छोटी स्वस्त पिस्तुलं अडवली. खेळासाठी, शिकारीसाठी योग्य असेल ते येऊ द्या, बाकीचं नको. त्या स्वस्त मालाला नाव पडलं 'सॅटर्डे नाइट स्पेशल'. नावातच वास आहे. शनिवारचा पगार, दारू, वस्तीतलं भांडण. म्हणजे बंगल्यातल्या साहेबाचं पिस्तूल संरक्षणाचं आणि झोपडपट्टीतल्याचं पिस्तूल गुन्ह्याचं.

इथपर्यंत वाचून पोस्टरवाले टाळ्या वाजवतील. थांबा.

जस्ताचे सौदागर

परदेशी माल अडवला, देशी माल अडवला नाही. ही फट हेरून दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या आसपास, कारखाने निघाले. १९७० साली रेवन आर्म्स. मग जेनिंग्ज, ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन. बरेचसे एकाच गोतावळ्यातले. १९९४ साली गॅरेन विंटेम्यूट या डॉक्टर-संशोधकानं यांना नाव दिलं 'रिंग ऑफ फायर', आगीचं कडं. १९९० नंतरच्या सुरवातीच्या वर्षांत अमेरिकेत बनणाऱ्या हातबंदुकांतला एकतृतीयांशाच्या आसपास माल या कड्यातून निघत होता.

माल कसला? पोलादाच्या जागी ओतीव जस्ताचा मिश्र धातू. साच्यात ओतायला सोपा, घडाईचा खर्च नाही. दुकानात किंमत शंभर डॉलरच्या आत. रचना इतकी साधी की भरलेलं पिस्तूल हातातून फरशीवर पडलं तर गोळी सुटायची भीती. आता रोज कमरेला लावायचं म्हणजे काय ते समजून घ्या. माणूस बसमध्ये चढतो, पोराला उचलतो, मोरीत वाकतो, धावतो, पडतो. रोज कमरेला असलेलं हत्यार शंभरदा आपटतं. पडल्यावर सुटणारं पिस्तूल कमरेला लावणं म्हणजे पहिली गोळी स्वतःच्या मांडीसाठी राखून ठेवणं.

१९९४ साली कॅलिफोर्नियात सात वर्षांच्या एका मुलाला ब्रायकोच्या पिस्तुलाची गोळी लागली. कुणी मारायला झाडली नव्हती. घरच्यांच्या ओळखीचं माणूस पिस्तूल रिकामं करायला गेलं. त्या पिस्तुलाची रचना अशी की रिकामं करायचं तर आधी सेफ्टी उघडावी लागे. म्हणजे धोका टाळायला धोक्यात शिरा. पोरगा मानेखाली कायमचा लुळा पडला. २००३ साली ज्युरीनं भरपाई ठरवली, त्यातला दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या आसपासचा वाटा कंपनी आणि तिच्या मालकाच्या गोटावर. कंपनीनं दिवाळं काढलं. २००४ साली तिचा लिलाव झाला. त्या लुळ्या पोरानं वर्गणी जमवून बोली लावली, पिस्तुलांचे उरलेले हजारो सांगाडे वितळवून टाकायला. हरला. पाच लाखांच्या थोडं वर बोली लावून कारखाना कुणी घेतला? त्याच कंपनीच्या जुन्या मुकादमानं. आणि तीच पिस्तुलं नव्या नावानं पुन्हा बाजारात.

काळ्यांची जुनी संघटना एनएएसीपी १९९९ साली बंदूक-कारखानदारांच्या विरोधात कोर्टात गेली. हरली. २००५ साली वॉशिंग्टनच्या संसदेनं कायदाच करून टाकला. बंदुकीनं गुन्हा झाला म्हणून कारखानदाराला सहसा कोर्टात खेचता येणार नाही. ज्यांना काळ्याच्या खिशातलं स्वस्त पिस्तूल खुपत होतं, त्यांना ते विकून गब्बर झालेला गोरा कारखानदार कधी खुपला नाही. वस्तीत गावठी दारू पिणाऱ्याला पकडायचं, गूळ आणि नवसागर पुरवणाऱ्या शेठला नमस्कार करायचा. तीच रीत.

मला विचाराल तर कायदा कसा असावा? किंमत बघू नका, पाडून बघा. कॅलिफोर्नियानं १९९९ साली तसा कायदा केला. मॉडेल विकायचं तर आधी प्रयोगशाळेत शेकडो गोळ्या झाडून बघायच्या, उंचीवरून पाडून बघायचं. नापास तर विक्री नाही. तो कायदा पुढं इतका वाढवला की नवी मॉडेलं अडकून पडली, ते भांडण वेगळं. पण मूळ कसोटी बरोबर होती. दोनशेचं पिस्तूल पास होत असेल तर गरिबानं ते का घेऊ नये? आणि हजाराचं नापास होत असेल तर ते साहेबालाही नको.

आजच्या मालाचं काय?

आता पोस्टरवाला म्हणेल, तुम्ही जुनं उगाळताय. आजचं स्वस्त पिस्तूल तसं नाही. बरोबर आहे त्याचं. खोटं बोलून मला वाद जिंकायचा नाही. ओहायोतलं हाय-पॉइंट अजून जस्ताचंच, जड, बोजड, पण दोनशे डॉलरच्या आसपास मिळतं आणि बहुतेक वेळा झाडलं की सुटतं. बिघडलं तर कंपनी फुकट दुरुस्त करून देते. ब्राझीलची टॉरस, अमेरिकेतली रुगर, यांची तीनशेच्या आसपासची छोटी पिस्तुलं लाखो लोक वापरतात. टॉरसच्या जुन्या मॉडेलांबद्दल, पडल्यावर सुटतात म्हणून, खटला झाला. दहा लाखांच्या घरात पिस्तुलं त्यात होती, आणि कंपनीनं तडजोड केली. नंतरची मॉडेलं सुधारली. म्हणजे 'चालतं का?' याचं आजचं उत्तर, बरंचसं चालतं.

पण पिस्तूल एकटं येत नाही. चाप पूर्ण झाकेल अशी घट्ट खोळ लागते, नाहीतर खिशातली किल्ली चापात अडकते. गोळ्या लागतात. सरावाशिवाय पिस्तूल म्हणजे लोखंडाचा गोळा, आणि सरावाच्या दोन-चारशे गोळ्यांत पिस्तुलाची अर्धी किंमत उडते. मग परवाना. इलिनॉय राज्यात, म्हणजे शिकागो जिथं आहे तिथं, कमरेला लपवून फिरायचं तर सोळा तासांचं शिक्षण आणि दीडशे डॉलर फी. न्यूयॉर्क शहरात नुसत्या अर्जाचे तीनशे चाळीस डॉलर, ठशांचे वेगळे, शिक्षणाचे वेगळे. रोजंदारीवाल्याचे दोन-तीन दिवस बुडतात ते कुणी मोजत नाही. दोनशेचं पिस्तूल आणि त्याहून महाग कागद. ज्याच्याकडं कागद नाही तो गुन्हेगार. २०२१ साली न्यूयॉर्कच्या परवाना-कायद्याचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा ब्राँक्स-ब्रुकलिनमध्ये गरिबांचे खटले चालवणारे वकील, त्यांत काळे वकील, बंदूकवाल्यांच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या कायद्याखाली तुरुंगात जातात ते आमचे काळे आणि लॅटिनो अशील. २०२२ साली तो जुना कायदा पडला.

२०२४ पर्यंत एकोणतीस राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल लावून फिरायची मोकळीक झाली. मग सुटला की प्रश्न? नाही सुटला. कागद रद्द झाला. पोलिसाचे डोळे तेच राहिले.

कुणाच्या कमरेला?

फिलांडो कॅस्टिल. मिनेसोटातल्या शाळेच्या जेवणघरात काम करणारा काळा माणूस, वय बत्तीस. पिस्तूल होतं, परवाना होता. ६ जुलै २०१६ ला पोलिसानं गाडी अडवली. कॅस्टिलनं सभ्यपणे सांगितलं, साहेब, माझ्याकडं हत्यार आहे. कायदा पाळणाऱ्या माणसानं जे सांगायला हवं तेच. पोलिसानं सात गोळ्या झाडल्या. बायकोसारखी सोबतीण शेजारी, तिची चार वर्षांची पोर मागं. २०१७ साली पोलीस निर्दोष सुटला. त्याचा कागद कुठल्या कामाला आला?

मरिसा अलेक्झांडर. फ्लोरिडा, २०१०. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापुढं तिनं भिंतीकडं एक गोळी झाडली. कुणाला खरचटलंही नाही. स्वसंरक्षणाचा कायदा त्या राज्यात मोठ्या दिमाखात मिरवत होता. तिला तो लागू झाला नाही. २०१२ साली वीस वर्षांची सजा. पुढं ती रद्द झाली, तडजोड झाली, २०१५ साली ती तुरुंगातून बाहेर आली. एका गोळीची किंमत तीन वर्षं आणि मोडलेलं घर.

दोस्तहो, पिस्तूल कंपनीनं बनवलेलं असतं, पण त्याचा अर्थ रस्त्यावर ठरतो. गोऱ्याच्या कमरेला ते नागरिकाचा हक्क. काळ्याच्या कमरेला तेच पिस्तूल मारणाऱ्याच्या हातात आयता पुरावा, "मी घाबरलो होतो" म्हणायला. ते दोनशेचं होतं की हजाराचं, हे पंचनाम्यात कुणी वाचत नाही.

पँथरचा हिशोब

आता टोपीवाल्या फोटोकडं येतो. ओकलंडचे पँथर बंदुका उघड घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरत. हातात कायद्याचं पुस्तक. कॅलिफोर्नियात तेव्हा उघड बंदूक नेणं कायदेशीर होतं. २ मे १९६७ ला ते सॅक्रामेंटोला विधानभवनात बंदुका घेऊन गेले. त्याच उन्हाळ्यात भरलेली बंदूक रस्त्यावर नेण्यावर बंदी आली. सही कुणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगन. बंदूकवाल्यांची मोठी संघटना एनआरए, तिचाही त्या बंदीला पाठिंबा होता. बंदुकीचा हक्क काळ्यानं वापरून दाखवला आणि त्याच उन्हाळ्यात हक्क आटला. पुढं १९८१ साली याच रेगनवर, तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष, एका गोऱ्या पोरानं गोळी झाडली. पिस्तूल कुठलं? तेच छोटं, स्वस्त, पॉइंट बावीसचं.

आणि तो चुगलखोर. पँथरना सुरवातीच्या बंदुका देणाऱ्यांतला एक जण एफबीआयचा खबऱ्या होता, हे २०१२ साली एफबीआयच्याच कागदांतून बाहेर आलं. शिकागोत फ्रेड हॅम्प्टन. वय एकवीस. काळ्यांना, प्युर्टोरिकनांना, गरीब गोऱ्यांना एका झेंड्याखाली आणत होता. त्याच्या संरक्षणाचं काम ज्याच्याकडं होतं तोच खबऱ्या. त्यानंच घराचा नकाशा पोलिसांना दिला. पलंग कुठं आहे तोसुद्धा. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे पोलीस घुसले. पोलिसांच्या नव्वदच्या आसपास गोळ्या. पँथरची एक. घरात बंदुका होत्या. हॅम्प्टन पलंगावरून उठलाही नाही. मार्क क्लार्क दारातच गेला.

याच पँथरनी १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरवात केली. मग दवाखाने काढले, सिकलसेलची तपासणी केली. आपल्या विदर्भातल्या माणसाला हा रोग सांगायला नको. एफबीआयचा हूवर कशाला जास्त घाबरला? त्यानं आपल्या अधिकाऱ्यांना बजावलं की न्याहारी हाच या पार्टीचा सगळ्यात प्रभावी उद्योग आहे, तो मोडा. बंदुका मोडायला त्याच्याकडं बंदुका होत्या. ताटात अंडं वाढणाऱ्या बाईला मोडायला त्याच्याकडं काही नव्हतं, म्हणून अफवा पसरवल्या, धाडी घातल्या.

मग हत्यारानं कधीच काही साधलं नाही का? साधलं. तेही सांगतो, नाहीतर मी अर्धं सांगितल्यासारखं होईल. लुइझियानात १९६४ साली जोन्सबरोला आणि १९६५ साली बोगलूसाला 'डीकन्स फॉर डिफेन्स' उभे राहिले. कागद गिरणीतले कामगार, युद्धावरून आलेले शिपाई. क्लॅनचे गुंड रात्री वस्तीत गाड्या घालत, हे पाळीपाळीनं जागत. वॉकीटॉकी, वर्गणी, शिस्त. कोणाला घ्यायचं ते पारखून घेत. मोर्चाच्या कडेनं उभे राहत. क्लॅनचा रात्रीचा तोरा उतरला. आणि पेच वाढला तेव्हा दिल्लीसारखं लांब बसलेलं वॉशिंग्टनचं सरकार हललं, १९६५ साली क्लॅनच्या विरोधात कोर्टाचा मनाईहुकूम आला. वाचवलं कुणी? पाळीनं. शिस्तीनं. मागं उभ्या असलेल्या अख्ख्या वस्तीनं. त्यांच्यातला एकेक जण आपापलं स्वस्त पिस्तूल खिशात घालून एकटा फिरता, तर एकेकटा मेला असता.

आता खरी अडचण. शिकागोत ओटिस मॅकडोनाल्ड नावाचा म्हातारा होता. लुइझियानातून आलेला, कुळाचा पोरगा, आयुष्यभर राबून घर केलं. चोरांनी घर फोडलं, वस्तीतल्या टोळ्या धमकावतात, पोलीस उशिरा येतात, शहरात पिस्तूल ठेवायला बंदी. तो कोर्टात गेला आणि २०१० साली सुप्रीम कोर्टात जिंकला. या म्हाताऱ्याला मी अहिंसा शिकवायची? माझी छाती नाही. घरात ठेवायचा त्याचा हक्क आहे. त्यानं स्वस्त घेतलं तर त्याला हसायचा कुणाला हक्क नाही. मी त्याला एवढंच म्हणेन : बाबा, पाडून-झाडून पास झालेलं घे, कुलपात ठेव, आणि घरातल्या उदास माणसावर नजर ठेव. कारण २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं मेले अठ्ठेचाळीस हजार आठशेच्या वर. त्यांत सव्वीस हजारांच्या वर आत्महत्या. चोरासाठी आणलेली गोळी निम्म्याहून जास्त वेळा विकत आणणाऱ्याच्याच घरात उतरली.

आणि रोज कमरेला? कॅस्टिलचं उत्तर तुमच्यापुढं आहे.

आपल्याकडं काय करायचं?

आपल्याकडं दुकानातला प्रश्नच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना कलेक्टरच्या किंवा पोलीस आयुक्ताच्या हातात. दिल्लीतल्या २०१२ च्या अत्याचारानंतर सरकारी कारखान्यानं २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. उसाच्या फडात राबणारी कुठली आमची माय ते घेणार होती? राहिला गावठी कट्टा. त्याच्या नळीचा भरवसा नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तो पोलिसाला फुकटातली केस आहे. ज्या पोराला पकडायला कलम सापडत नव्हतं, त्यानं ते स्वतःच्या कमरेला बांधून आणून दिलं. आणि कट्टा विकणारा उद्या कुणाला फोन करेल ते मिसिसिपीच्या कायद्यानं १८६५ सालीच सांगून ठेवलंय.

पण आपल्या हातात एक वस्तू आहे, फुकटची, आणि ती कुणी उचलत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम. नियम तीन उघडा. जिथं अत्याचार व्हायची भीती आहे तो भाग सरकारनं हेरायचा. तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने गरज पडली तर रद्द करायचे, हत्यारं सरकारी कोठारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि जरूर पडली तर दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यायचे. हे मी म्हणत नाही, भारत सरकारचं राजपत्र म्हणतं. क्रमही बघा. आधी त्याच्या हातातलं काढा, मग लागलं तर आमच्या हातात द्या.

तुमच्या जिल्ह्यात या नियमाखाली आजवर किती परवाने रद्द झाले? किती बंदुका जमा झाल्या? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी, नियमात लिहिलंय. झाली का? कार्यवृत्त मागा. उत्तर आलं नाही तर अपील करा, मोर्चा न्या, तालुक्याच्या ठाण्यापुढं बसा. पाटलाच्या माडीवरची बंदूक खाली उतरवणं, हे आपल्या कमरेला कट्टा बांधण्याहून अवघड काम आहे. तेच पँथरचं काम आहे.

आणि वस्तीत पाळी लावा. रात्री कोण जागं, कुणाचा फोन चालू, मारहाण झाली तर फिर्याद नोंदवायला कोण जाणार, पंचनाम्याला कोण उभं राहणार, वकील कोण, साक्षीदार फुटू नये म्हणून त्याच्या घरी धान्य कोण पोचवणार. या यादीत तुमचं नाव आहे का ते बघा, मग मोबाईलमधला फोटो दाखवा.

बाबासाहेबांनी ड्यू बॉइसकडं अर्जाची प्रत मागितली होती. आपणही आपला अर्ज लिहायला घेऊ. पहिला अर्ज या आठवड्यात गेला पाहिजे.

जय भीम.